पहिली वीस मिनिटं चेंडू पिशवीतच

आमच्या प्रॅक्टिसची पहिली वीस मिनिटं चेंडू जाळीच्या पिशवीतून बाहेर येत नाहीत. दर सीझनच्या सुरुवातीला कुणीतरी पालक कोर्टाच्या कडेला थांबतात आणि जरा अवघडून विचारतात, "मॅडम, या नुसत्या उड्याच मारतायत. खेळायला कधी लागणार?" प्रश्न रास्त आहे. मुलीला बास्केटबॉल शिकायला पाठवलेलं असतं, आणि बघावं तर ती एका पायावर उभी राहून तोल सांभाळतेय, नाहीतर खोक्यावरून खाली उतरून तीन सेकंद जागच्या जागी थांबतेय. दोन मिनिटांत जेवढं सांगता येतं तेवढं मी सांगते, पण तेवढ्यानं समाधान होत नाही हे चेहऱ्यावरून कळतं. म्हणून आज सगळं नीट लिहून काढते.

मी तेरा ते सतरा वयाच्या मुलींना शिकवते. त्याआधी बरीच वर्षं स्वतः खेळले. माझं म्हणणं एवढंच आहे की या वयाच्या मुलींसाठी दुखापत टाळण्याचा सराव आणि खेळ सुधारण्याचा सराव असे दोन वेगळे सराव नसतातच. जो सराव गुडघा वाचवतो तोच, पुरेसा आणि नीट केला तर, उडी वाढवतो, थांबणं सुधारतो, दिशा बदलण्याचा वेग वाढवतो. पालकांना वाटतं मी खेळाच्या वेळातून वीस मिनिटं कापून घेते. मला तर तीच वीस मिनिटं खेळाची सगळ्यात कसदार मिनिटं वाटतात.

आधी गुडघ्याबद्दल. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना आतून बांधून ठेवणारे जे लिगामेंट असतात त्यातलं पुढचं म्हणजे एसीएल. नडगी पुढे सरकू नये, गुडघा पिळवटू नये, हे त्याचं काम. १९९५ साली एलिझाबेथ अरेंट आणि रँडल डिक यांनी अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंच्या १९८९ ते १९९३ या काळातल्या नोंदी तपासून मांडल्या. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये एसीएल फाटण्याचं प्रमाण मुलांच्या साधारण चौपट निघालं. तेच कोर्ट, तेच नियम, आणि तरी चौपट. त्यानंतर हा फरक वेगवेगळ्या खेळांत, वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसत आला आहे.

आणि बहुतेक वेळा कुणी येऊन आदळलेलं नसतं, हे पालकांना सगळ्यात नवल वाटतं. रिबाउंड, म्हणजे बास्केटवरून परत आलेला चेंडू, उडी मारून घेऊन खाली येताना, जंप स्टॉपला, म्हणजे दोन्ही पायांवर एकदम थांबताना, ड्रिबल करता करता अचानक दिशा बदलताना, म्हणजे रोजच्याच हालचालीत हे होतं. आमच्या एका फॉरवर्डचा, म्हणजे पुढे खेळणाऱ्या मुलीचा, गुडघा असाच गेला. फास्ट ब्रेकवर एकटी पुढे निघालेली, डिफेन्समधलं कुणी जवळपास नाही, लेअप, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळून शॉट, मारला, चेंडू आत गेला आणि ती एका पायावर उतरली. गुडघा आत वळताना मला दिसला. ती खाली बसली ती उठलीच नाही. मी जवळ गेले तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, आवाज आला." एसीएल फाटलेल्या खूप जणी हेच सांगतात. आतून काहीतरी तटकन तुटल्याचा आवाज, आणि मग काही तासांत गुडघा सुजून टम्म. तिच्या आईला फोनवर काय सांगायचं ते मला सुचेना, कारण पोरीनं तर सगळं बरोबर केलं होतं, बास्केटसुद्धा झाली होती.

संशोधकांनी अशा दुखापतींचे मॅचमधले व्हिडिओ एकेक चौकट थांबवून तपासले आहेत. ट्रॉन क्रॉसहॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बास्केटबॉलमधल्या ३९ एसीएल दुखापतींच्या चित्रफितींचा अभ्यास मांडला. गुडघा आत कोसळण्याची शक्यता मुलींमध्ये मुलांच्या पाच पटींहून जास्त दिसली. २०१० मध्ये हँडबॉल आणि बास्केटबॉलमधल्या दुखापतींचं आणखी बारकाईनं विश्लेषण झालं, त्यात दिसलं की पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत लिगामेंट गेलेलं असतं. पापणी लवायला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो.

हा ४० मिलिसेकंदांचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात सगळ्या सरावाचं कारण आहे. एवढ्या वेळात मेंदूपर्यंत खबर जाऊन, तिथून हुकूम येऊन, स्नायू आवळले जाणं शक्यच नाही. त्या क्षणी मी कडेवरून "गुडघा सांभाळ!" म्हणून कितीही ओरडले तरी उपयोग शून्य. पाय टेकण्याआधीच, हवेत असतानाच, मांडीच्या पाठचे आणि नितंबाचे स्नायू तयार असायला हवेत. आणि ते तयार राहतात ते सवयीनं. शेकडो वेळा नीट उतरलेलं शरीर त्या वेळीही नीट उतरतं, चेंडूकडे लक्ष असताना, दमलेलं असताना, शेजारी कुणी कोपर लावत असताना.

आता मुलींनाच हे जास्त का? कंबरेची रुंदी, गुडघ्याच्या आतली जागा, हार्मोन, अशी बरीच कारणं सांगितली जातात, आणि त्यातली काही खरीही असतील. पण ती मला बदलता येत नाहीत, म्हणून मी त्यांच्यात फार अडकत नाही. जे बदलता येतं ते वयात येतानाच्या वाढीशी जोडलेलं आहे. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्यानं वाढते. हाडं लांबतात, वजन वाढतं, शरीराचा तोल साधण्याचा बिंदू वर सरकतो. मुलांचंही असंच होतं, थोडं उशिरा, पण त्यांच्यात त्याच सुमारास स्नायूंची ताकदही आपसूक वाढते. २००६ च्या एका अभ्यासात कारमेन क्वॉटमन आणि सहकाऱ्यांनी तीच मुलंमुली वर्षभराच्या अंतरानं दोनदा तपासली. वयात येताना मुलांची उडी वाढली आणि उतरतानाचा आदळ कमी झाला. मुलींमध्ये तसं झालं नाही. शरीर मोठं झालं, पण ते आवरणारी ताकद मागे राहिली.

म्हणूनच सातवी-आठवीत चपळ असलेली मुलगी नववीत एकदम जड वाटायला लागते. आईवडील म्हणतात आळशी झाली, कोच म्हणतात लक्ष नाही. तसं काही नसतं. तिला नवीन शरीर मिळालंय आणि ते चालवायला कुणी शिकवलेलं नाही. हे मी मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगते, सगळ्यांसमोर, मोकळेपणानं, कारण त्यातल्या निम्म्या जणी तोवर स्वतःला दोष द्यायला लागलेल्या असतात.

हे शिकवता येतं याचा सुरुवातीचा ठोस पुरावा १९९६ साली टिमथी ह्यूएट यांच्या गटानं दिला. हायस्कूलच्या व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींना सहा आठवडे उड्यांचा, म्हणजे प्लायोमेट्रिक सराव दिला, सोबत वजनांचा व्यायाम. उतरतानाचा सर्वाधिक आदळ २२ टक्क्यांनी कमी झाला, गुडघा आतबाहेर ढकलणारा जोर निम्म्यावर आला, आणि उडी साधारण १० टक्क्यांनी वाढली. मुली थोड्याच होत्या, हे खरं. पण गुडघ्यावरचा भार कमी होतो आणि उडी वाढते, या दोन्ही गोष्टी त्याच मुलींमध्ये, त्याच सहा आठवड्यांत झाल्या.

तीन वर्षांनी त्यांनीच फुटबॉल, व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलच्या १२६३ खेळाडूंचा सीझन बघितला. गुडघ्याच्या गंभीर दुखापतींचं प्रमाण, खेळाडू दर हजार वेळा प्रॅक्टिसला किंवा मॅचला उतरण्यामागे, उड्यांचा हा सराव न केलेल्या मुलींत ०.४३, सराव केलेल्या मुलींत ०.१२, आणि सराव न केलेल्या मुलांत ०.०९. सराव केलेल्या मुली मुलांच्या जवळ जाऊन पोचल्या. २००५ मध्ये ग्रेगरी मायर यांच्यासोबतच्या अभ्यासात पुन्हा बास्केटबॉल, फुटबॉल, व्हॉलीबॉलच्या मुली, पुन्हा सहा आठवडे. स्क्वॉटमध्ये, म्हणजे वजन घेऊन खाली बसून उठताना, पेलता येणारं वजन जवळजवळ दुप्पट झालं, उभी उडी सरासरी ३९.९ वरून ४३.२ सेंटिमीटरवर गेली, छोट्या अंतराच्या धावेचा वेळ कमी झाला, आणि गुडघा आत ढकलणारा जोर २८ टक्क्यांनी उतरला. २०१२ मध्ये फ्रँक नॉइस आणि स्यू बार्बर-वेस्टिन यांनी खास हायस्कूलच्या बास्केटबॉल खेळाडू मुलींवर सहा आठवड्यांचा कार्यक्रम करून पाहिला. पाय सरळ रेषेत ठेवून उतरणं सुधारलं, उडी सुधारली आणि दमही वाढला.

सव्वातीन सेंटिमीटर उडी म्हणजे काय मोठंसं, असं कुणाला वाटेल. रिबाउंडला हात वर गेलेले असतात तेव्हा बोटांच्या टोकांमधला फरक त्याहून कमी असतो.

पण माझ्या दृष्टीनं खरी गंमत उंचीत नाहीच, ती दुसऱ्या उडीत आहे. आमच्याकडे एक सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी मुलगी, होती, उंच, हातांची पोच चांगली. पहिल्या उडीला ती कुणालाही ऐकायची नाही. पण चेंडू हातातून निसटून वर उडाला की दुसऱ्यांदा उडायला तिला वेळ लागायचा. मी तिचा व्हिडिओ हळू वेगात लावला. ती उतरायची तेव्हा गुडघे एकमेकांना जवळजवळ चिकटायचे, टाचा दणकन आपटायच्या, धड पुढे झुकायचं. मग गुडघे बाहेर आणायचे, धड सरळ करायचं, पाय नीट ठेवायचे, आणि तेव्हा कुठे वर जायचं. तोवर समोरची तिच्याहून चार बोटं बुटकी मुलगी चेंडू घेऊन गेलेली. गुडघे आत पडताना जी ताकद वाया जाते तीच ताकद पुढच्या उडीत वापरायची असते. स्नायू ताणला जाऊन लगेच आखडला तर तो ताण उसळीत बदलतो, मध्ये वेळ गेला तर विरून जातो. आम्ही तिच्या उडीवर काही केलंच नाही. फक्त उतरण्यावर काम केलं, आणि नितंबाच्या, मांडीच्या पाठच्या स्नायूंची ताकद वाढवली. सीझनच्या उत्तरार्धात ती तिसऱ्यांदाही उडायला लागली. प्रेक्षकांना वाटलं हिची जिद्द वाढली. जिद्द आधीपासून होतीच.

थांबण्याचंही तसंच. गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणाऱ्या मुलींना मी वेग कमी करायला आधी शिकवते, वाढवायला नंतर. जी मुलगी दोन पावलांत थांबू शकते तिला डिफेंडरला चकवायला वेगाची फार गरज पडत नाही. आणि ताठ पायावर कचकन थांबणं हाच एसीएल जाण्याचा एक नेहमीचा प्रकार. तिथे मांडीचा पुढचा स्नायू एकटाच सगळा भार घेतो आणि नडगीला पुढे खेचतो. मागचा स्नायू जोडीला आला, गुडघा आणि कंबर वाकली, की तोच थांबा सुरक्षित होतो, आणि तिथून शूटसाठी वर जाणंही सोपं होतं.

मग त्या वीस मिनिटांत आम्ही करतो काय? सुरुवातीला हलकं धावणं, पुढे, मागे, आडवं, गुडघे उचलून. जागेवर बसून पाय ताणत राहण्याचा जुना प्रकार आम्ही प्रॅक्टिसच्या शेवटी ढकलला आहे. मग लंज (पाऊल पुढे टाकून खाली बसणं), एका पायावरचा स्क्वॉट, ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं), प्लँक (कोपरांवर शरीर सरळ धरणं), आणि गुडघ्यांवर बसून धड हळूहळू पुढे सोडत नेण्याचा नॉर्डिक. नॉर्डिकमध्ये घोटे जोडीदारीण धरते, आणि सुरुवातीला सगळ्याच जणी अर्ध्यातून हातांवर पडतात. पडू दे. हळू खाली जाण्यातच त्याचं काम होतं.

त्यानंतर उतरणं. हा भाग मला मनापासून आवडतो. आधी नुसतं खोक्यावरून खाली पाऊल टाकून दोन्ही पायांवर उतरायचं आणि थांबायचं, मुली याला 'स्टॅच्यू' म्हणतात. मी डोळे मिटून ऐकते. धप्प आवाज आला की पुन्हा. चवड्यावर उतरून टाच अलगद टेकवली, कंबर मागे गेली, गुडघे वाकले की आवाज जवळजवळ येतच नाही. "गुडघे आत घेऊ नकोस" असं सांगून फार फरक पडत नाही, हे मला दिसत आलंय. त्या गुडघ्यांचाच विचार करत बसतात आणि शरीर आखडतं. "आवाज न करता उतर", "पाठीमागे स्टूल आहे असं समजून बस", "गुडघ्यांनी समोरच्या भिंतीकडे बघ", अशा सूचना जास्त चालतात. जोडीदारीण समोर उभी राहून बघते आणि सांगते. दुसरीचं बघता बघता स्वतःचंही समजायला लागतं.

दोन पायांचं जमलं की एक पाय. मग उडी मारून वळून उतरणं. मग उतरताना खांद्याला हलका धक्का. मग, ती वीस मिनिटं संपल्यावर, चेंडू, कारण चेंडू हवेत दिसला की शिकलेलं सगळं विसरायला होतं आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते. रिबाउंड घे, उतर, थांब. रिबाउंड घे, उतर, लगेच पुन्हा वर. घाई केली की गुडघे लगेच चुगली करतात, मग एक पायरी मागे यायचं. काही मुलींना एका पायाच्या पायरीवर महिना लागतो. लागू दे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. असा कुठलाही वॉर्म-अप केला की उडी वाढते, असं नाही. नुसता बॅलन्स बोर्ड, म्हणजे तोल साधायची डगमगती फळी, वापरला तर मुख्यतः घोट्याच्या मुरगळी कमी होतात, उडीत फार फरक पडेल अशी आशा ठेवू नये. दहा मिनिटांच्या हलक्या कार्यक्रमानं संरक्षण मिळतं, पण खेळातली वाढ दिसायला ताकदीचे व्यायाम आणि चढत्या क्रमानं कठीण होत जाणाऱ्या उड्या लागतात. वर ज्या अभ्यासांत मोठे फरक दिसले तिथे मुली आठवड्यातून तीनदा, दर वेळी दीड तास किंवा त्याहून जास्त मेहनत करत होत्या, आणि प्रत्येकीचं उतरणं कुणीतरी बघून दुरुस्त करत होतं. म्हणून सीझनआधीचे सहा ते आठ आठवडे आम्ही ताकदीवर आणि उड्यांवर जास्त वेळ देतो, आणि सीझन सुरू झाला की तेच वीस मिनिटांत टिकवून ठेवतो. धावण्याच्या वेगाबद्दल मी पालकांना मोठं आश्वासन देत नाही. थांबणं आणि वळणं सुधारेल, हे मात्र छातीठोकपणे सांगते.

वजनं उचलण्याला अजूनही विरोध होतो. उंची खुंटेल, अंग बायकी दिसणार नाही, अशी भीती असते. नीट शिकवलेला, देखरेखीखालचा ताकदीचा व्यायाम या वयात सुरक्षित आहे, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीही हीच भूमिका आहे. त्यानं उंची खुंटत नाही. एका वडिलांनी मला विचारलं होतं की ही वजनं मुलींना झेपतील का. त्यांची मुलगी प्रत्येक लेअपनंतर एका पायावर स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट भार झेलते, तोही तयारीशिवाय. त्यापुढे हातातले दोन डंबेल काहीच नाहीत.

दुसरा आक्षेप इतर कोचचा, की वेळ नाही. मला तो पटत नाही. शिकागोमधल्या सार्वजनिक हायस्कूलमध्ये सिंथिया लाबेला आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०११ मध्ये आला. मुलींच्या फुटबॉल आणि बास्केटबॉल संघांच्या ९० कोचपैकी निम्म्यांना एका छोट्या प्रशिक्षणात वीस मिनिटांचा वॉर्म-अप शिकवला, आणि पुढे सगळं त्या कोचनीच राबवलं. फिजिओ नाही, महागडी यंत्रं नाहीत. धक्क्याशिवाय होणाऱ्या पायाच्या दुखापती निम्म्याहून कमी झाल्या. त्या शाळा काही श्रीमंत नव्हत्या, साध्या जिममध्ये खेळणाऱ्या होत्या. मैदानाला चार चकरा आणि दहा स्ट्रेचेस यात तेवढाच वेळ जातो, मग त्याजागी हे करायला काय हरकत आहे?

पण नियमितपणा सोडला की फायदाही जातो. हे बऱ्याच अभ्यासांतून दिसतं, की ज्या संघांनी मनापासून आणि सतत केलं त्यांनाच पुरता लाभ मिळाला, आणि लहान वयात सुरू केलेल्यांना जास्त. परीक्षा आल्या, मॅचेस लागोपाठ आल्या की पहिली कात्री याच भागाला लागते. आम्ही त्या आठवड्यांत दहाच मिनिटं करतो, उड्या कमी, तोल आणि नॉर्डिक ठेवून. बंद करत नाही.

घोट्याबद्दल थोडं. बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त होणारी दुखापत घोट्याचीच, आणि सगळ्यात कमी गांभीर्यानं घेतली जाते तीही हीच. ज्या घोट्याला आधी दुखापत झालीय त्याला पुन्हा होण्याचा धोका ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या पाहणीत जवळपास पाचपट दिसला होता. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं नाही. मुरगळलेल्या पायावर डोळे मिटून अर्धं मिनिट न डगमगता उभं राहता येत नसेल, त्या पायावर उडी मारून न दुखता उतरता येत नसेल, तर मी खेळवत नाही. मग समोर फायनल असो.

आणि एक विषय, जो मुलींच्या कोचनं काढलाच पाहिजे. पाळी महिनोन्‌महिने येत नाही, सतत थकवा, नडगीचं दुखणं जात नाही, तर ती मुलगी जेवढी मेहनत करतेय तेवढं तिच्या पोटात जात नाहीये. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ पासून यावर स्वतंत्र सूचना काढल्या आहेत. हाडं कमकुवत होतात, स्नायू भरून येत नाहीत, आणि मग माझा कितीही चांगला वॉर्म-अप तिला वाचवू शकत नाही. "खेळाडू आहे, पाळी चुकायचीच" असं म्हणणारे लोक मला अजून भेटतात. कृपा करून असं म्हणू नका, डॉक्टरांकडे न्या.

त्या फॉरवर्डचं पुढे काय झालं, ते बरेच जण विचारतात. ऑपरेशन झालं. सहाव्या महिन्यात तिला वाटायला लागलं की आपण पूर्ण बऱ्या आहोत, आणि चालताना-धावताना ती तशी दिसतही होती. मी आणि तिची फिजिओ, दोघींनी मिळून तिला थांबवलं. नॉर्वेतल्या एका अभ्यासात दिसलंय की ऑपरेशननंतर नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितकं लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं उतरत गेलं. आणि पंचविशीच्या आतले जे खेळाडू खेळात परततात त्यांच्यात जवळपास चौघांमागे एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, कधी त्याच गुडघ्याला, कधी दुसऱ्या. ती चिडली, रडली, पंधरा दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मग मी तिला अमेरिकेतल्या बास्केटबॉल खेळाडू पेज बेकर्सचं सांगितलं. ऑगस्ट २०२२ मध्ये तिचं एसीएल फाटलं, अख्खा कॉलेज सीझन तिनं बेंचवर काढला, आणि २०२५ मध्ये तिच्या संघानं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्याच संघातल्या अझी फडचं तर दोनदा फाटलं होतं, पहिल्यांदा शाळेत असतानाच. आमची मुलगी दहाव्या महिन्यानंतर परतली, दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरची उडी जवळपास सारखी झाल्यावरच. आता नव्या मुलींचं 'स्टॅच्यू' तीच तपासते, आणि माझ्याहून कडक आहे.

घरी किंवा तुमच्या संघात आजच काही बघायचं असेल तर एवढं करा. साधारण ३० सेंटिमीटर उंचीचं पक्कं खोकं घ्या, न सरकणारं. मुलीला त्यावरून दोन्ही पायांवर खाली उतरून लगेच जमेल तितकी उंच उडी मारायला सांगा. फोन समोर, तिच्या गुडघ्यांच्या उंचीवर ठेवून हळू वेगात चित्रित करा. ती सगळ्यात खाली गेलेली असते तिथे चित्र थांबवा आणि दोन गुडघ्यांमधलं अंतर घोट्यांमधल्या अंतराशी ताडून बघा. गुडघे घोट्यांपेक्षा बरेच जवळ आलेले असतील, किंवा एकच गुडघा आत गेला असेल, तर तिच्या कोचशी बोला. हे निदान नाही, त्यामुळे घाबरवू नका. आणि बघताना पहिल्या उतरण्यावर समाधान मानू नका, तेव्हा ती सावध असते. उंच उडी मारून ती दुसऱ्यांदा खाली येते, ते बघा.